“म्या तं हातबी नाही लावला” : सर्व्हरचा एकच पासवर्ड सगळ्यांकडे असला की होणारा घोळ आणि तो टप्प्याटप्प्याने कसा सोडवायचा

दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात मी छोट्या कार्यालयांचे सर्व्हर सांभाळतो. पतसंस्था, जिनिंग, एक कॉलेज, खत-बियाण्यांचे घाऊक व्यापारी, अशी गिऱ्हाइकं. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “भाऊ, सर्व्हर गेला.” जाऊन बघावं तर सर्व्हर जागेवरच असतो. कोणीतरी एखादी सेवा (मागे सतत चालणारा प्रोग्राम) बंद केलेली असते, फोल्डर दुसरीकडे ओढलेलं असतं, नाहीतर भर दुपारी अपडेट लावून रीस्टार्ट मारलेला असतो. कोणी केलं म्हणून विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर : “म्या तं हातबी नाही लावला.” लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडावा तर तिथेही प्रत्येक ओळीत एकच नाव, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर.

हा बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता क्रम पाठ झालाय. खर्च फार नाही. पहिल्या तीन तपासण्यांना एक कागद, एक पेन आणि फार तर एक बटन सेल लागतो. कमांड इथे बोलतो तशाच लिहिल्यात, टाईप मात्र इंग्रजीत करायच्या.

लक्षणं

खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी जुळल्या तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

– तुम्ही रिमोटने काम करत असता आणि स्क्रीन एकदम निघून जाते. कारण त्याच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नावाने दुसरा कोणीतरी दुसरीकडून आत शिरला. विंडोज सर्व्हरची मूळ मांडणी एका खात्याला एकच सत्र (लॉगिनपासून लॉगऑफपर्यंतची बैठक) देते, त्यामुळे नंतर येणारा आधीच्याला बाहेर ढकलतो.

– नावं वेगळी असली तरी तिसरा माणूस आत येऊ शकत नाही. रिमोट डेस्कटॉपचा वेगळा परवाना घेतलेला नसेल तर प्रशासनासाठी एकावेळी दोनच सत्रं मिळतात.

– पासवर्ड बदलला की दोन-चार दिवसांनी भलतंच काहीतरी बंद पडतं.

– नोकरी सोडून गेलेल्या मुलाला अजून फोन करून विचारावं लागतं, आणि तो घरबसल्या आत शिरून कामही करून देतो. लोक त्याला ‘चांगला पोरगा’ म्हणतात. असेलही चांगला, पण हे लक्षणच आहे.

– पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिटकवलेला असतो, किंवा संस्थेचं नाव आणि स्थापनेचं वर्ष एवढाच असतो, आणि ते वर्ष बाहेर पाटीवर लिहिलेलं असतं.

एका पतसंस्थेत मी व्यवस्थापकांना विचारलं, “साहेब, तिजोरीच्या किल्ल्या किती?” म्हणाले, “दोन. एक माझ्यापाशी, एक रोखपालापाशी. एकट्याला उघडताच येत नाही.” मग सर्व्हरची किल्ली? जरा थांबून म्हणाले, “ते तं सगळ्यांपाशीच आहे. झेरॉक्सवाल्यापाशीबी असंन.” सभासदांच्या ठेवींचा हिशेब मात्र त्या सर्व्हरमध्येच होता.

हात लावण्याआधी

बॅकअप घ्या, आणि त्यातली एक फाईल खरोखर परत काढून पाहा. नुसतं ‘बॅकअप यशस्वी’ असं पडद्यावर आलं म्हणून विश्वास ठेवू नका.

दिवस बघून काम काढा. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की जिनिंगमध्ये अशा कामाला हात घालायचा नाही. पतसंस्थेत मार्चचा दुसरा पंधरवडा वर्ज्य. आठवडी बाजाराच्या दिवशीही नाही.

आणि अधिकार बदलताना चालू असलेलं एक अ‍ॅडमिन सत्र उघडंच ठेवा. दुसऱ्या खिडकीतून नव्या खात्याने आत जाऊन बघा, जमलं तरच पहिलं बंद करा. दार लावून किल्ली आत राहिल्याचे फोन मला वर्षातून तीन-चारदा तरी येतात.

पहिली तपासणी : पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?

फुकटातली आणि सगळ्यात उपयोगाची. एका कागदावर प्रत्येकाचं नाव लिहा : आजचे कर्मचारी, सोडून गेलेले, सॉफ्टवेअर बसवणारी कंपनी, नेटवर्कवाला, कॅमेरेवाला, फोटोकॉपी मशीनवाला, संचालकांचा पुतण्या. हसू नका, पुतण्या असतोच. प्रत्येकापुढे लिहा की त्याला पासवर्ड कशासाठी दिला होता. ‘असू दे म्हणून’ असं उत्तर आलं तरी तसंच लिहा.

सर्व्हरला कोणत्या खात्याचा पासवर्ड टाकला ते कळतं, टाकणारा माणूस कोण ते कळत नाही. ती माहिती फक्त कार्यालयातल्या माणसांच्या डोक्यात असते, म्हणून हे काम मशीनसमोर न बसता चहाच्या टपरीवर करायचं. दम देऊन विचाराल तर अर्धी नावं लपवली जातील. “कोणाचं काही काढून घ्यायचं नाही, कोणाला काय लागतं ते लिहायचं आहे” असं आधीच सांगा.

दुसरी तपासणी : सर्व्हर काय म्हणतो?

आता कागद आणि सर्व्हर ताडून पाहा. विंडोजवर ‘नेट लोकलग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ टाका, पूर्ण अधिकार असलेल्यांची यादी समोर येते. डोमेन (सगळ्या संगणकांची खाती एकाच ठिकाणी सांभाळायची मांडणी) असेल तर ‘डोमेन अ‍ॅडमिन्स’ हा गटही पाहा. लिनक्सवर उबुंटू किंवा डेबियन असेल तर ‘सुडो’ गट, रेड हॅटच्या घराण्यातलं असेल तर ‘व्हील’ गट. शिवाय ‘/ईटीसी/पासडब्ल्यूडी’ या फाईलमध्ये तिसऱ्या रकान्यात शून्य असलेली खाती शोधा. लिनक्स रूटला, म्हणजे पूर्ण अधिकाराच्या मालक खात्याला, नावावरून ओळखत नाही, त्या शून्यावरून ओळखतो. ‘बॅकअप2’ अशा साध्या नावाच्या खात्यापुढे शून्य असेल तर ते खातं रूटच आहे.

दोन गट असे की नावाने गरीब आणि कामाने मालक. विंडोजचा ‘बॅकअप ऑपरेटर्स’ आणि लिनक्सचा ‘डॉकर’. पहिल्यातला माणूस बॅकअपच्या नावाखाली कुठलीही फाईल वाचू शकतो, तिच्यावर कोणाचीही परवानगी लावलेली असो, आणि रिस्टोअरच्या नावाखाली तिच्यावर दुसरी फाईल लिहूही शकतो. दुसऱ्यातला माणूस सर्व्हरची सगळी डिस्क कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा चालवायच्या खोक्यात) जोडून रूटची सगळी कामं करू शकतो. “त्याला फक्त बॅकअपचं दिलंय” असं कोणी म्हटलं की माझे कान टवकारतात.

गटातून नाव काढल्यावरही माणूस आधीसारखंच काम करताना दिसला तर घाबरू नका. गटाची यादी लॉगिनच्या वेळी ठरते, आधीचं सत्र जुन्याच गटांवर चालत राहतं. विंडोजवर ‘क्वेरी यूजर’ टाकलं की तुटून पडलेली, कित्येक दिवसांपासून लोंबकळणारी सत्रं दिसतात. ती लॉगऑफ करा.

तिसरी तपासणी : घड्याळ

आमच्याकडचं खास दुखणं. भारनियमन, त्यात यूपीएसच्या बॅटऱ्या उन्हाळ्यात बसलेल्या. सर्व्हर वारंवार धाडकन बंद होतो, मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपलेला असतो आणि मशीन उठतं ते भलत्याच तारखेला.

अधिकारांशी याचा संबंध काय, असं वाटेल. एक तर डोमेनमध्ये घड्याळं पाच मिनिटांपेक्षा जास्त चुकली की केरबेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासणारी पद्धत) लॉगिन नाकारतो, आणि लोक म्हणतात “पासवर्ड कोणीतरी बदलला”. दुसरं, लॉगमधली वेळच चुकीची असली तर कोणी कधी काय केलं हे सांगायला काही उरत नाही. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो, स्वस्तात. तो बदला, मग एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवायच्या पद्धतीने, वेळ जुळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत आणि लॉग 180 दिवस जपायचे आहेत.

घड्याळ जागेवर आलं की लॉग वाचा. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये हे आकडे शोधायचे : 4624 म्हणजे लॉगिन झालं, 4625 म्हणजे नाकारलं, 4720 म्हणजे नवं खातं निघालं, 4732 म्हणजे स्थानिक गटात कोणाला तरी घातलं. आणि 1102, म्हणजे लॉगच पुसला. शेवटचा दिसला तर लगेच खालचा ‘कुठे थांबायचं’ हा भाग वाचा. लिनक्सवर ‘लास्ट’ ही कमांड, आणि उबुंटूत ‘ऑथ डॉट लॉग’, रेड हॅटमध्ये ‘सिक्युअर’ नावाची फाईल.

चौथी तपासणी : यंत्रंही तोच पासवर्ड वापरतात

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. मीही अडकलो होतो.

सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एका जिनिंगमध्ये यादी केली, आणि उत्साहात त्याच दुपारी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बदलून टाकला. तो सोमवार होता. मंगळवार, बुधवार सगळं सुरळीत. मालक खूश, मीही खूश. गुरुवारी पहाटे वीज गेली, आली, आणि काट्यावरून काटापट्टी निघेना. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, थंडीत कुडकुडणारे शेतकरी, आणि काटेवाला फोनवर : “भाऊ, काहून करून ठेवलं हे?”

झालं होतं असं. वजनाच्या सॉफ्टवेअरची सेवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्याने चालत होती. सेवा पासवर्ड विचारते फक्त सुरू होताना. एकदा सुरू झाली की पासवर्ड बदलला काय नि न बदलला काय, तिला पत्ता नसतो. म्हणून सोमवारचा बदल गुरुवारी वीज गेल्यावर उघडा पडला. मधल्या दिवसांत रात्रीचा बॅकअपही होत नव्हता, पण ते कोण बघतंय.

तेव्हापासून माझा नियम आहे : ही तपासणी संपल्याशिवाय पासवर्ड बदलायचा नाही. शोधायच्या जागा अशा. सर्व्हिसेसच्या खिडकीत ‘लॉग ऑन अ‍ॅज’ नावाचा रकाना असतो, त्यावर क्लिक करून यादी लावा, माणसाच्या किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या नावाने चालणाऱ्या सेवा एकत्र दिसतील. मग टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय. मग इतर संगणकांवर जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह. मग स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणारं फोटोकॉपी मशीन. त्याच्या पोटात हमखास अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सापडतो, कारण बसवणाऱ्याला पाच मिनिटांत निघायचं असतं. लिनक्सवर प्रत्येक खात्याचा क्रॉनटॅब (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी) आणि ‘/ईटीसी/क्रॉन डॉट डी’ पाहा.

हे राहून गेलं तर आणखी एक गंमत होते. जुना पासवर्ड घेऊन बसलेलं यंत्र दर काही मिनिटांनी दार ठोठावत राहतं, आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा ओलांडली की ते खातं कुलूपबंद होतं. सकाळी उघडलं, दहा वाजता पुन्हा बंद. 4740 ही नोंद कोणत्या यंत्रावरून हे होतंय त्याचं नाव सांगते.

उपाय सरळ आहे, फक्त कंटाळवाणा. प्रत्येक सेवेला स्वतःचं खातं. काट्याच्या सेवेला काट्याचं, बॅकअपला बॅकअपचं. त्या खात्याला आपल्या फोल्डरपुरते अधिकार, ‘सेवा म्हणून लॉग ऑन’ची परवानगी, आणि माणसाला त्या नावाने स्क्रीनवर बसता येणार नाही अशी बंदी. एका दिवशी एकच सेवा हलवा. हलवल्यावर ती बंद करून पुन्हा सुरू करा, आणि शक्य असेल तेव्हा सर्व्हर एकदा रीस्टार्ट करून बघा. वीज जाईल तेव्हा ती परीक्षा होणारच आहे, मग ती आपण असताना झालेली बरी.

पाचवी तपासणी : काम काय, त्यावरून भूमिका

आता खरी योजना. इथे लोक नावांपासून सुरुवात करतात : “गजूला काय द्यायचं, मॅडमला काय द्यायचं.” उलटं करा. आधी कामं लिहा.

महसूल खात्यात बघा. फेरफाराची नोंद तलाठी घेतो, प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. तलाठी बदलून गेला तर नवा तलाठी येतो, अधिकार खुर्चीचा असतो. सर्व्हरवरची भूमिका म्हणजे तीच खुर्ची. अधिकार गटाला द्यायचे, माणसाला गटात बसवायचं, गेला की उठवायचं. थेट माणसाच्या नावावर दिलेली परवानगी दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

एका पतसंस्थेची यादी साधारण अशी निघाली : बॅकअप झाला का ते बघणं, अडकलेली प्रिंटरची रांग साफ करणं, बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करणं, विसरलेला पासवर्ड बदलून देणं, नव्या कर्मचाऱ्याचं खातं काढणं, सॉफ्टवेअरचं अपडेट, लॉग बघणं. यादी समोर ठेवल्यावर कळतं की रोजच्या कामांपैकी बहुतेकांना पूर्ण अधिकार लागतच नाहीत. प्रिंटरची रांग साफ करायला त्या प्रिंटरवरची परवानगी पुरते. लॉग बघायला ‘इव्हेंट लॉग रीडर्स’ हा गट आहे. डोमेनमध्ये पासवर्ड बदलून देण्याचं एवढंच काम एखाद्या गटाकडे सोपवता येतं, ‘डेलिगेट कंट्रोल’ वापरून. आणि नोंदी करणाऱ्या मुलींना तर सर्व्हरवर लॉगिनच नको. त्यांना हवं ते सॉफ्टवेअरच्या आत आहे, तिथला अधिकार तिथे द्यायचा.

माझ्या छोट्या गिऱ्हाइकांकडे तीन भूमिका पुरतात. बघणारा, म्हणजे लॉग आणि बॅकअपची स्थिती वाचतो, काही बदलत नाही. चालवणारा, म्हणजे ठरलेल्या दोन-चार सेवा बंद-चालू करतो. बदलणारा, म्हणजे पूर्ण अधिकार, आणि अशी माणसं दोनच. एक असला तर तो लग्नाला गेला की कार्यालय बंद. तीन झाले की पुन्हा “म्या हात नाही लावला”.

बदलणाऱ्याचीही खाती दोन असावीत. रोजच्या ईमेल-इंटरनेटसाठी साधं, आणि प्रशासनासाठी वेगळं. अ‍ॅडमिन खात्याने ब्राउझर उघडून बसलात आणि भलत्या जोडणीवर क्लिक झालं, तर ती भानगड अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालते.

डेटाबेसचं वेगळं बघा. एसक्यूएल सर्व्हर असेल तर सॉफ्टवेअर बहुधा ‘एसए’ या मालक खात्याने जोडलेलं सापडतं. नोंदींसाठी डेटा वाचण्याची आणि लिहिण्याची भूमिका पुरेशी असते. पण हा बदल सॉफ्टवेअर कंपनीला विचारल्याशिवाय करू नका. अपडेटच्या वेळी काही सॉफ्टवेअर नवे तक्ते बनवतं, तिथे कमी अधिकार पडले तर अपडेट अर्ध्यात अडकतं.

सहावी तपासणी : लिनक्स आणि सुडोचे काटे

सुडो म्हणजे ठरलेलं काम रूटच्या अधिकाराने चालवू देणारी कमांड. तिचा जन्म 1980 च्या सुमाराचा, अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठातला. सगळ्यांना रूट न देता ठरावीक कामापुरता रूट कसा द्यायचा, हा प्रश्न काही आपल्याच तालुक्यातला नाही.

नियम लिहायचा तो ‘व्हिसुडो’नेच. साध्या एडिटरने फाईल बिघडली तर सुडो कोणालाच चालत नाही, व्हिसुडो जतन करण्याआधी चूक दाखवतं. वेगळी फाईल ‘सुडोअर्स डॉट डी’मध्ये ठेवत असाल तर तिच्या नावात टिंब नको. एका कॉलेजात फाईलचं नाव ‘लॅब डॉट असिस्टंट’ असं टिंब घालून ठेवलं होतं. नियम बिनचूक, पण नावात टिंब असलेली फाईल सुडो गुपचूप सोडून देतो. दोन तास मी नियमातच चूक शोधत होतो.

मग नियमातली भोकं. एखाद्याला फक्त एक सेटिंगची फाईल बदलायला ‘सुडो व्हीआय’ दिलं, तर तो एडिटरच्या आतूनच शेल (कमांड टाकायची जागा) उघडतो आणि रूट होतो. फाईल वाचायच्या ‘लेस’चंही तसंच. फाईल बदलायला ‘सुडोएडिट’ द्या. कमांडचं नाव पूर्ण मार्गासह लिहा आणि पुढचे शब्दही लिहा, कारण सेवा चालू-बंद करणारी नुसती ‘सिस्टमसीटीएल’ दिली तर तो हवी ती सेवा बंद करेल. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ सुद्धा भोळं नाही. सिस्टमडी (लिनक्सवर सेवा चालवणारी व्यवस्था) 247 च्या आधीच्या आवृत्तीची असेल तर त्याचा निकाल ‘लेस’मध्ये उघडतो आणि तिथून शेल मिळू शकतो, म्हणून ‘नो पेजर’ जोडून द्या. तारांकन, म्हणजे तिथे काहीही चालेल अशी खूण, टाळा. आणि एखादी स्क्रिप्ट रूटने चालवायला दिली असेल तर ती फाईल, आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर, त्या माणसाला लिहिता येता कामा नये. नाहीतर तो स्क्रिप्टमध्ये काय वाट्टेल ते लिहून मग सुडोने चालवेल.

गटात माणूस घालताना ‘यूजरमॉड’ला मायनस ए आणि कॅपिटल जी असं दोन्ही द्या. ए विसरलात तर नव्या गटात जाताना तो माणूस बाकीच्या सगळ्या जोड गटांतून बाहेर पडतो. तो माणूस तुम्ही स्वतः असाल तर सुडो गेलं हातातून.

शेवटी त्या माणसाच्या नावाने ‘सुडो मायनस एल, कॅपिटल यू’ टाका. त्याला काय काय चालवता येतं ते सगळं दिसतं. लिहिलेलं आणि दिसलेलं जुळलं पाहिजे.

सातवी तपासणी : बाहेरचे आणि गेलेले

सॉफ्टवेअर कंपनीचं खातं वेगळं काढा आणि बंद ठेवा. त्यांचा फोन आला की चालू करायचं, काम झालं की बंद. विंडोजवर ‘नेट यूजर’ला ‘अ‍ॅक्टिव्ह नो’ लावून एका ओळीत होतं. कोणी न विचारता कधीही आत येऊ देणारा रिमोट सॉफ्टवेअरचा कायमचा पासवर्ड काढून टाका. कंपनीचा मुलगा कुरकुरतो, “दर वेळी फोन कोण करीन?” तूच करशील बाबा.

गेलेल्या कर्मचाऱ्याचं खातं लगेच पुसू नका, आधी बंद करा. पुसलं की त्याच्या नावाने चालणारी कामं आणि फाईलींचे मालक अधांतरी लटकतात. लिनक्सवर फक्त पासवर्डला कुलूप लावून भागत नाही. एसएसएचची (दुरून लिनक्समध्ये शिरायच्या पद्धतीची) किल्ली असेल तर तो पासवर्डशिवाय आत येतो. ‘चेज’ने खात्याची मुदत संपवा, आणि ‘ऑथराइज्ड कीज’ या फाईलमधून त्याची ओळ काढा. रूटच्या घरातही (होम फोल्डरमध्ये) ती फाईल असते, तीही उघडा.

मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर किंवा रूटचा नवा पासवर्ड लांबलचक ठेवा, कागदावर लिहा, पाकिटात घाला, पाकिटावर दोघांच्या आडव्या सह्या, आणि पाकीट दोन किल्ल्यांच्या तिजोरीत. उघडलं तर तारीख आणि कारण लिहायचं, पासवर्ड बदलायचा, नवं पाकीट. वर्षातून दोनदा उघडून तो चालतो का ते पाहा.

कुठे थांबायचं

पुढच्या गोष्टी दिसल्या तर हात वर करा आणि जाणकाराला बोलवा. मीही काही ठिकाणी पुढच्याला बोलावतो.

तुमचा एकुलता एक सर्व्हरच डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेनची सगळी खाती सांभाळणारा, असेल. छोट्या कार्यालयात हे सर्रास असतं. त्यावर ‘फक्त या मशीनचा अ‍ॅडमिन’ असं वेगळं काही राहत नाही. तिथला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गट सगळ्या डोमेनचा. साध्या माणसाला तिथे रिमोटने बसवायला पॉलिसी सैल करावी लागते, आणि ती एकदा चुकली की सगळं कार्यालय बाहेर. वाचून शिकण्याची ही जागा नाही.

एकही अ‍ॅडमिन खातं चालत नाही. इंटरनेटवर पेन ड्राइव्हने पासवर्ड उडवायच्या युक्त्या सापडतात. डिस्कला एन्क्रिप्शन असेल किंवा रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) असेल तर त्या नादात डेटाच जाऊ शकतो. बॅकअपमधली फाईल परत निघत नसेल तरी इथेच थांबा, आधी बॅकअप नीट करून घ्या.

1102 ची नोंद आहे, ओळखीचं नसलेलं अ‍ॅडमिन खातं आहे, किंवा फाईलींची नावं बदलून खंडणीची चिठ्ठी पडली आहे. नेटवर्कची तार काढा, मशीन बंद करू नका, काही पुसू नका, पासवर्डही त्या मशीनवरून बदलू नका. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन. सर्ट-इनला कळवण्याची मुदत घटना लक्षात आल्यापासून सहा तासांची आहे.

आणि संशय घरातल्याच माणसावर असेल तर तुम्ही तपास अधिकारी होऊ नका. त्याच्यासमोर लॉग उघडून जाब विचारणारे अध्यक्ष मी पाहिलेत. दुसऱ्या दिवशी लॉग कोरा होता.

जाणकाराला फोन करताना पहिल्या तपासणीचा कागद, सर्व्हरची आवृत्ती, शेवटचा तपासलेला बॅकअप कोणत्या तारखेचा आणि गेल्या आठवड्यात कोणी काय बदललं, एवढं हाताशी ठेवा. ते नसेल तर पहिला अर्धा दिवस तो हेच विचारण्यात घालवतो, आणि पैसे त्या अर्ध्या दिवसाचेही लागतात.